सरहद्द, हद्द आणि शीव : कायद्याच्या दृष्टीने आपला सीमाभाग



ज्या गुरुवर्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपण दरवर्षी एकत्र येतो, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. ‘सीमांची सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय कायदा’ हा विषय संस्थेने मला सुचविला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हा विषय दिल्लीतील किंवा जम्मूतील श्रोत्यांपुढे मांडणे निराळे आणि बेळगाव-निपाणीच्या परिसरात मांडणे निराळे. येथे ‘सीमा’ हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काटेरी कुंपण उभे राहत नाही. उभा राहतो तो एक जुना, न मिटलेला प्रश्न. म्हणून आंतरराष्ट्रीय कायदा सांगत असतानाच तो आपल्या प्रश्नाला कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे स्पष्ट करणे मी माझे कर्तव्य समजतो.

मराठीत सीमेसाठी तीन जिव्हाळ्याचे शब्द आहेत. शीव गावाची असते, हद्द अधिकाराची असते आणि सरहद्द देशाची असते. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याला मात्र असा सैलपणा परवडत नाही. बेळगाव जिल्ह्याने विसाव्या शतकात या तिन्ही रेषा जवळून पाहिल्या आहेत. पश्चिमेस खानापूर तालुक्याच्या डोंगरांपलीकडे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगालची सत्ता होती. ती खरीखुरी सरहद्द. उत्तरेस निपाणी आणि कागल यांच्यामध्ये १ नोव्हेंबर १९५६ पासून आहे ती दोन राज्यांमधील हद्द. आणि या दोन्ही रेषा ज्यांच्यावरून गेल्या त्या शेकडो खेड्यांच्या शिवा.

कोणत्याही सीमेविषयी कायदा दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न असा : ही रेषा कोठे आहे आणि ती कोणी ठरविली? दुसरा असा : या रेषेवर उभ्या असलेल्या सत्तेने तेथे येणाऱ्या माणसाशी कसे वागावे? पहिला प्रश्न भूमीच्या मालकीचा, दुसरा वागणुकीचा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. पुढील सारे विवेचन त्याच्याच पुष्ट्यर्थ आहे.

रेषा कशी ठरते

दोन देशांमधील सरहद्द साधारणतः दोन टप्प्यांनी सिद्ध होते. प्रथम करारात शब्दांनी व नकाशाने रेषा सांगितली जाते, ही सीमानिश्चिती. मग प्रत्यक्ष भूमीवर खांब किंवा दगड रोवले जातात, हे सीमांकन. शेताच्या वाटणीत कागदावरची वाटणी आणि बांधावरचा दगड यांत अंतर पडले की तंटा होतो. राष्ट्रांचेही तसेच आहे.

एकदा ठरलेली सरहद्द टिकावी, ही आंतरराष्ट्रीय कायद्याची मूळ धारणा होय. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या कलमाने दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर वर्ज्य मानला आहे. करारांच्या कायद्याविषयीचा १९६९ चा व्हिएन्ना करार म्हणतो की, परिस्थिती पालटली या सबबीवर इतर करारांतून काही वेळा बाहेर पडता येईल, परंतु सीमा ठरविणाऱ्या करारातून नाही. मौनालाही या कायद्यात अर्थ असतो. प्रेह विहार या प्राचीन मंदिराच्या वादात थायलंडने एका नकाशावर अनेक वर्षे आक्षेप घेतला नव्हता. त्या मौनालाच संमती मानून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये मंदिर कंबोडियाचे ठरविले. पुढे १९८६ मध्ये बुर्किना फासो आणि माली यांच्या वादात त्याच न्यायालयाने आणखी एक तत्त्व दृढ केले. वसाहत स्वतंत्र होताना तिच्या अंतर्गत प्रशासकीय हद्दी जशा असतील, तशाच त्या नव्या राष्ट्रांच्या सरहद्दी होतात. कोण्या फ्रेंच अधिकाऱ्याने कारभाराच्या सोयीसाठी ओढलेली जिल्ह्याची रेघ अशा रीतीने दोन देशांना कायमची विभागू शकते.

आपल्याकडे स्थिती याच्या उलट आहे. सरहद्द बदलणे अवघड, हद्द बदलणे सोपे, अशी भारतीय संविधानाची रचना आहे. बेरुबारी या बंगालमधील भूभागाचा काही अंश पाकिस्तानला देण्याचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असे मत दिले की, देशाची भूमी परक्या राष्ट्रास द्यावयाची तर घटनादुरुस्तीच केली पाहिजे. बांगलादेशाशी १६२ छीटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या भूमीत बेटांसारख्या अडकलेल्या वस्त्यांची, अदलाबदल २०१५ मध्ये झाली, तीही शंभराव्या घटनादुरुस्तीनंतरच. तेथील रहिवाशांना कोणत्या देशाचे नागरिक व्हावयाचे ते निवडण्याची मुभा देण्यात आली होती. याउलट, एक तालुका एका राज्यातून काढून दुसऱ्या राज्यास जोडावयाचा असेल, तर संविधानाच्या तिसऱ्या कलमानुसार संसदेचा साधा कायदा पुरतो. संबंधित विधिमंडळांचे मत मागवावे लागते, परंतु ते संसदेवर बंधनकारक नसते.

हेगमध्ये पोहोचलेला मराठी कागद

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, वागणुकीच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच शेजारच्या पोर्तुगीज प्रदेशांनी आंतरराष्ट्रीय कायद्यास दिले आहे.

दमणपासून आत, भारतीय प्रदेशाने वेढलेल्या दादरा व नगर हवेली या पोर्तुगीज वसाहती १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केल्या. त्यांत आपले सुप्रसिद्ध संगीतकार सुधीर फडके हेही होते. भारत सरकारने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना व सैन्याला दमणहून तिकडे जाऊ देण्यास नकार दिला. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस त्याने भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा दाखल केला. भारताच्या भूमीवरून आपल्या वसाहतींकडे जाण्याचा आपणांस हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी काम पाहिले, तर मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून पीठावर होते.

पोर्तुगालचा एक आधार होता मराठे व पोर्तुगीज यांच्यातील १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतर पेशव्यांनी दिलेल्या सनदा. बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना द्यावीत, असे त्यांत ठरले होते. प्रश्न असा पडला की, मराठ्यांनी दिले ते काय? सार्वभौमत्व, की सरंजामाप्रमाणे केवळ महसूल घेण्याचा अधिकार? न्यायालयाने तहाचा अर्थ महसुलापुरता लावला. मराठेशाहीतील कागदाचा एकेक शब्द हॉलंडमधील न्यायाधीशांनी तोलून पाहावा, ही आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानी ठेवण्याजोगी गोष्ट आहे. मात्र पुढे इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मानले आणि दीर्घकाळ जाणे-येणे चालू राहिले, या प्रथेला न्यायालयाने महत्त्व दिले.

१२ एप्रिल १९६० रोजी लागलेल्या निकालाचे तीन भाग आहेत. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता पोर्तुगालला १९५४ मध्ये जाण्याचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. पण तो हक्कही भारताच्या नियंत्रणाच्या अधीन होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांना असा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात अशा एका मताच्या फरकाने ठरले. आणि त्या वेळच्या तणावाच्या परिस्थितीत भारताने वाट अडविली, यात त्याने आपले कर्तव्य मोडले नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

या निकालातून दोन तत्त्वे निघतात. एक असे की, सरहद्दीवर सामान्य माणूस आणि सशस्त्र माणूस यांना एका मापाने मोजावयाचे नसते. दुसरे असे की, सुरक्षेसाठी वाट अडविता येते. परंतु अडविण्याला कारण असावे लागते, आणि ते कारण त्या काळापुरते व त्या परिस्थितीपुरते असते.

आपल्या लगतच्या सरहद्दीवर याच काळात काय चालले होते, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींच्या घराघरांत सांगितले जाते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. कॅसलरॉकमार्गे चालणारी रेल्वे वाहतूक बंद पडली. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावच्या बाजूने, अनमोडच्या वाटेने भारतीय सैन्य गोव्यात उतरले. १८ डिसेंबर रोजी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध आलेला ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकाराने फेटाळला गेला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व कराराने मान्य केले ते मात्र १९७४ च्या अखेरीस. सरहद्द भूमीवरून पुसली गेल्यानंतर कागदावरून पुसली जाण्यास तेरा वर्षे लागली.

हद्दीचा प्रश्न कोणत्या दरबारी

राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालानंतर १९५६ चा कायदा झाला. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मुंबई राज्याने १९५७ मध्येच आक्षेप नोंदविला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राने मांडलेली सूत्रे आपणां सर्वांस परिचित आहेत. त्यांतील पहिल्या तीन तत्त्वांवर आंध्र व मद्रास यांच्यातील हद्दीचा तंटा हरि विनायक पाटसकर यांच्या मध्यस्थीने मिटला आणि १९५९ च्या कायद्याने तो निकाल अमलात आला. म्हणजे ही वाट अशक्य कोटीतील नव्हे.

सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास, जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांतील २४७ गावे कर्नाटकास आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, असा तो निवाडा होता. कर्नाटकाने तो स्वीकारला, महाराष्ट्राने नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने संविधानाच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. राज्याराज्यांमधील कायदेशीर तंटा थेट ऐकण्याचा अधिकार त्या कलमाने त्या न्यायालयास दिला आहे. हद्द ठरविणे हे तिसऱ्या कलमान्वये संसदेचेच काम आहे, असा कर्नाटकाचा मुख्य बचाव आहे. हा दावा अद्याप अंतिम निकालाची वाट पाहत आहे.

काही तरुण मला विचारतात, आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे का नेऊ नये? आंतरराष्ट्रीय करारांत स्वयंनिर्णयाचा हक्क आहे ना? या भाबड्या प्रश्नाचे उत्तर रोखठोक द्यावयास हवे. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारात पहिल्याच कलमात तो हक्क आहे हे खरे. भारत १९७९ मध्ये त्या करारात सामील झाला, तो मात्र हे कलम परकीय सत्तेखालील लोकांनाच लागू मानू, असे जाहीर करून. याहून महत्त्वाचे असे की, सीमाभागातील माणसाने देशापासून वेगळे होण्याची मागणी कधी केलेलीच नाही. त्याची मागणी एका भारतीय राज्यातून दुसऱ्या भारतीय राज्यात जाण्याची आहे. तिला लागणारी सर्व साधने संविधानात आहेत. लोकमत अजमावण्याचे साधनसुद्धा आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, यासाठी संसदेने खास कायदा करून १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. तो कौल महाराष्ट्राच्या मनासारखा लागला नाही. पण कायद्याची वाट त्याने दाखवून दिली.

नाक्यावर उभा असलेला माणूस

देशाच्या सरहद्दीचे रक्षण १९६५ मध्ये स्थापन झालेले सीमा सुरक्षा दल व तत्सम दले करतात. राज्यांच्या हद्दीवर असे कोणतेही दल नसते, कारण तेथे रक्षण करावे असे परके कोणी नसतेच. तेथे असतो तो राज्याचा पोलीस, आणि त्याचे काम कायदा व सुव्यवस्थेचे. भारताच्या संपूर्ण प्रदेशात मुक्तपणे संचार करणे हा एकोणिसाव्या कलमाने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यावर सार्वजनिक हितासाठी केवळ वाजवी निर्बंध घालता येतात. व्यापारासही ३०१ व्या कलमाने मोकळीक दिली आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याचे तेरावे कलम हीच गोष्ट जगाच्या भाषेत सांगते.

पुणे-बंगळूर महामार्गावरील कोगनोळीचा नाका आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे तेथे करोनाच्या चाचणीचा दाखला मागितला जात असे. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, तेव्हा महाराष्ट्राच्या मंत्र्यांचा बेळगाव दौरा होऊ शकला नाही आणि दोन्हीकडील बसवाहतूक विस्कळीत झाली. अशा प्रसंगी एक बाजू म्हणते, ‘आमची हद्द, आम्ही अडवू.’ दुसरी म्हणते, ‘मुळात ही हद्दच आम्हांस मान्य नाही.’ दोन्ही उत्तरे पहिल्या प्रश्नाची आहेत. नाक्यावर उभा ठाकलेला प्रश्न दुसरा असतो. निर्बंधाला कारण आहे काय, ते लेखी व प्रसिद्ध केलेले आहे काय, आणि ते गरजेपुरतेच आहे काय, एवढेच तेथे विचारावयाचे असते. जमावबंदीच्या व तत्सम आदेशांना या कसोट्या लावल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले आहे.

त्याच वर्षीच्या मार्चअखेर कर्नाटकाने केरळच्या कासरगोडकडून येणारे रस्ते महामारीच्या कारणाने बंद केले. कासरगोडचे रुग्ण उपचारासाठी मंगळूरवर अवलंबून होते. तातडीच्या उपचारांसाठी जाणाऱ्यांची वाट राष्ट्रीय महामार्गावर मोकळी करवावी, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी केंद्र सरकारला दिला. पुढे दोन्ही राज्यांत तडजोड झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने घेतली. कासरगोडवरही दोन राज्यांचा जुना भाषिक वाद आहे. परंतु रुग्णासाठी वाट मागताना ते गाव कोणाचे, हे कोणी सिद्ध करीत बसले नाही. हेगच्या निकालाशी याची तुलना करून पाहावी. दोन परस्परविरोधी सार्वभौम देशांतही नि:शस्त्र माणसाची वाट हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो. मग एकाच देशाच्या दोन राज्यांत तर त्याचा मान कितीतरी अधिक असला पाहिजे.

निकालाआधीचे हक्क

आणि जी गोष्ट रस्त्याची, तीच भाषेची. शाळेच्या व्यासपीठावरून बोलत असल्यामुळे हे विशेष आग्रहाने सांगतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, हे ३५० (अ) कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे हद्दी आखल्या त्याच वेळी, संविधानात घातले गेले. रेषा कोठेही ओढली तरी काही माणसे ‘चुकीच्या’ बाजूस राहणारच, हे तेव्हाच ओळखले गेले होते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा विद्यार्थी असतील तर मातृभाषेतून शिकविण्याची व्यवस्था करावी, आणि जेथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध कराव्यात, ही सूत्रे मान्य झालेली आहेत. मुलाची मातृभाषा कोणती हे सरकारने नव्हे, पालकांनी सांगावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच प्रकरणात ठरविले. आंतरराष्ट्रीय करारातील २७ वे कलमही अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क देते.

यांपैकी एकही हक्क सर्वोच्च न्यायालयातील दाव्याच्या निकालावर अवलंबून नाही. निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला तर हे हक्क मिळतील आणि विरुद्ध लागला तर जातील, असे मुळीच नाही. ते आज आहेत. दुर्दैवाने पहिल्या प्रश्नाच्या निकालाची वाट पाहताना दुसऱ्या प्रश्नाची रोजची लढाई आपल्या हातून सुटते. सात-बाराचा उतारा मराठीत मागणे, ग्रामपंचायतीच्या सूचनेची मराठी प्रत मागणे, वर्गातील पटसंख्या दाखवून शिक्षक मागणे ही कामे मोर्च्याइतकी डोळ्यांत भरत नाहीत. मराठी शाळा मात्र त्यांच्याच बळावर टिकते. आणि न्यायाची चाड असेल तर हेच माप जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषकांसही लावले पाहिजे. आपण स्वतःसाठी मागतो ते त्यांना नाकारले, तर आपल्या मागणीतील नैतिक बळच नाहीसे होईल.

विद्यार्थी मित्रहो, रेषा कोठे असावी हे न्यायालय आणि संसद ठरवितील. त्यासाठी पुरावे जपणे आणि धीर धरणे आपल्या हाती आहे. रेषेवर माणसाला माणूस म्हणून वागविले जाते की नाही, हे पाहण्यासाठी मात्र कोणाच्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. कायदा वाचता येणारा, अर्ज लिहिता येणारा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणारा एक विद्यार्थी प्रत्येक गावात तयार झाला, तर ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजनांचे ऋण काही अंशी फिटेल.